दोन काळे पट्टे

माझ्या नवऱ्याला पक्ष्यांचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं. वाळूजला एका इंजिनिअरिंग कंपनीत हे तपासणी विभागात होते. आठवडाभर हातात मायक्रोमीटर आणि रविवारी दुर्बीण. थंडी पडली की ह्यांचा एकही रविवार घरात जायचा नाही. मित्रांची गाडी पहाटे गारखेड्याच्या चौकात यायची, हे गळ्यात दुर्बीण आणि खांद्याला डबा अडकवून निघायचे आणि पैठणच्या धरणावर, नाथसागराच्या काठावर दिवस काढून तिन्हीसांजेला परतायचे. मी कधी गेले नाही. रविवार हा माझा साठलेल्या धुण्याचा आणि दळणाचा वार. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी ह्यांचं ऐकायचे, पण अर्धंमुर्धंच.

मग साखरेनं ह्यांचे डोळे नेले. आधी उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. इंजेक्शनं झाली, लेझर झालं, ऑपरेशन झालं, तरी तो डोळा गेलाच. डाव्याला उजेड कळतो. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. कंपनी सुटली. मित्र चांगले होते, पहिल्या हिवाळ्यात ते ह्यांना घेऊन गेले. त्या संध्याकाळी हे परत आले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, त्यांना फोन करून सांग, मला न्यायला येत जाऊ नका. सगळे जण दिवसभर एकमेकांना पक्षी दाखवत होते आणि हे गाडीला टेकून उभे होते, हे मला नंतर कळलं. दुर्बीण माळ्यावर गेली.

पुढच्या वर्षी ऑक्टोबर सरत आला होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि हे खुर्चीत बसले होते. एकदम मान वर करून म्हणाले, "धोबी आला." मला वाटलं इस्त्रीवाला आला, म्हणून मी वाकून खाली पाहिलं. खाली कुणी नव्हतं. समोरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कडेनं, एक लहानसा राखाडी-पांढरा पक्षी शेपूट वरखाली हलवत, चिवचिवत तुरुतुरु चालत होता. तोच ह्यांचा धोबी, आवाजावरून ओळखलेला. हिवाळ्याचे पाहुणे यायला लागल्याची ती पहिली खूण, असं हे दरवर्षी सांगायचे, ते मला तेव्हा आठवलं. ह्यांचा चेहरा मी बघत राहिले. ऑपरेशननंतर इतक्या दिवसांत तो असा उजळलेला मी पाहिला नव्हता. ओले कपडे बादलीत तसेच राहिले. या हिवाळ्यात ह्यांना धरणावर न्यायचं आणि मीच न्यायचं, हे मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं.

अडचण एवढीच होती, की मला गाडी चालवता येत नव्हती. लायसन्स होतं, कधीकाळी क्लास लावून काढलेलं, पण त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आमची छोटी गाडी कव्हर घालून खाली उभी होती. तळमजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात, सगळी बिल्डिंग त्यांना चाचा म्हणते. मी त्यांच्याकडं गेले आणि शिकवाल का म्हणून विचारलं. साहेबांना सांगायचं नाही, असंही बजावलं. चाचांनी कारण विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी चिकलठाण्याच्या एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात, तिथं ते मला घेऊन जायला लागले. गाडी बंद पडली की मी घामाघूम व्हायचे आणि चाचा शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, "क्लच धीरे छोडो, बेटा. जल्दी किसकू है?" पहिल्यांदा जालना रोडवर गाडी घातली तेव्हा सिग्नलला ती बंद पडली आणि मागं हॉर्नचा नुसता कालवा झाला. मला रडू आलं. चाचा म्हणाले, बजाने दो. रडत रडतच मी गाडी सुरू केली आणि सिग्नल ओलांडला.

मी एका इंग्रजी शाळेच्या ऑफिसात काम करते, त्यामुळं नाताळची सुट्टी मला मिळते. सुट्टी लागली त्या संध्याकाळी मी माळ्यावरून दुर्बीण काढली, पुसली आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली.

"रविवारी धरणावर जायचंय," मी म्हणाले.

"कोण नेतंय?"

"मी. मला गाडी येते आता."

हे बराच वेळ दुर्बिणीच्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला दिसत नाही. तिथं जाऊन काय करू?"

"मला दिसतं की. मी सांगीन."

"तुला कावळा आणि कोकीळ वेगळा ओळखता येत नाही."

"मग शिकवा," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून गेले, कारण तिथं थांबले असते तर हे नाही म्हणाले असते.

पैठण रोडला त्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्याही बाहेर झुकलेल्या. ओव्हरटेक करायची माझी छाती होईना. बिडकीन येईपर्यंत मी एकाच ट्रॉलीच्या मागं चालवलं आणि हे शेजारी दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. पाण्यावर पोहोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. मी दुर्बीण डोळ्याला लावली तर मला माझ्याच पापण्या दिसल्या. कशीबशी ती जुळवली.

"काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"पाण्यावर काळं काळं लई काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे?"

"पक्षी."

हे चिडले. मीही चिडले. शेवटी मी सांगितलं, की काळे आहेत, कोंबडीएवढे आहेत आणि कपाळावर पांढरा टिळा आहे. हे म्हणाले, चांदवे, ते कुणालाही दिसतात. मग आम्ही गाडीत बसून डबा खाल्ला आणि घरी आलो. येतानाही मी उसाच्या ट्रॉलीमागंच होते.

मला वाटलं, संपलं. पण रात्री जेवताना ह्यांनीच विषय काढला. तू रंगापासून सुरुवात करतेस, तिथंच चुकतं, म्हणाले. रंग उन्हानं बदलतो. आधी आकार सांगायचा, चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग चोच, मग पाय, मग चालतो कसा, उडतो कसा. रंग सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. गच्चीवरच्या साळुंक्या, कबुतरं, खाली कचऱ्यापाशी येणारे बगळे, सगळ्यांचं मला वर्णन करायला लागायचं. मला रोज दिसणाऱ्या साळुंकीचे पाय पिवळे असतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. एका दुपारी शहरातच दिल्ली गेटजवळच्या तलावावर रिक्षानं जाऊन आलो. हे कंपनीत जसे तपासत असतील तसेच मला प्रश्न विचारायचे आणि उत्तर मोघम आलं की परत विचारायचे. मला राग यायचा, पण मीही हटले नाही.

पुढच्या रविवारी मी बिडकीनच्या अलीकडंच ट्रॉलीला मागं टाकलं. ह्यांना ते इंजिनाच्या आवाजावरून कळलं आणि सीटवरचा एक हात सुटला. काठाशी उथळ पाण्यात उंच पांढरे पक्षी ओळीनं चालत होते. मी सांगितलं, बगळ्यापेक्षा मोठे, पाय काळे, मान पुढं काढून डोकं डावीकडं-उजवीकडं हलवतात, जसं पाणी ढवळतायत.

"चोच?"

"लांब, आणि टोकाला चपटी. भातवाढीसारखी."

हे मोठ्यानं हसले. "त्याला चमचा म्हणतात," म्हणाले. "पण भातवाढी जास्त बरोबर आहे."

त्या दिवशी माझ्या घरातली बरीच भांडीकुंडी धरणावर आली. एका पक्ष्याची चोच गोणपाट शिवायच्या दाभणासारखी निघाली, एका बदकाची उलथन्यासारखी. ह्यांना एकेक नाव चटचट येत होतं.

मात्र ह्यांना ज्याची ओढ होती तो पक्षी काही दिसला नाही. पट्टकादंब. हिमालय ओलांडून येणारं हंसासारखं मोठं पाखरू. ह्यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकात मी त्याचं चित्र पाहून ठेवलं होतं. ते दिसल्याशिवाय हिवाळा झाला असं ह्यांना वाटायचं नाही.

धरणाचं पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात आसपासचे लोक पीक घेतात. तिथं एक बाई हरभरा निंदत होती, तिच्याशी मी बोलायला गेले. तिनं आधी विचारलं, तुम्ही फोटूवाले का? नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जरा निवळला. मी पट्टकादंबाचं वर्णन केलं तशी ती म्हणाली, "व्हय, येतात की. दिस उगवायच्या टायमाला उतरतात न् माझ्या हरभऱ्याचे शेंडे खुडतात. मी ताट वाजवून हाकलते. लई तरास." आम्ही पहाटे येऊन बांधावर थांबलो तर चालेल का, असं मी विचारलं. पीक तुडवणार नसाल तर या, म्हणाली. फोटूवाल्यांना मात्र सांगू नका. गेल्या साली त्यांनी अख्खा वाफा मोडला होता.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा दिवस होता. आम्ही अंधारातच घर सोडलं. उजाडता उजाडता काठाशी पोहोचलो आणि बांधाच्या जवळ जावं म्हणून मी गाडी जरा खाली घेतली. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला होता. डावीकडचं पुढचं चाक बसलं. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाक आणखी खाली गेलं.

"थांब. पाय काढ," हे म्हणाले आणि दार उघडून उतरले.

मी नको नको म्हणत राहिले. हे गाडीला हात लावत लावत चाकापर्यंत गेले, गुडघ्यावर बसले आणि चाकाभोवती बोटं फिरवली. किती रुतलंय, कुठल्या बाजूनं ओलं आहे, हे सगळं ह्यांनी मला सांगितलं. मग म्हणाले, जवळपास तुराट्या असतील तर आण. बांधाला तुरीच्या वाळक्या काड्यांच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्या हरभऱ्याच्या मालकिणीच्या होत्या, पण विचारायला ती आली नव्हती. मी दोन पेंढ्या उचलून आणल्या. हे हातानं चाकापुढचा चिखल काढत होते, तेवढ्यात पाण्याच्या बाजूनं आवाज आला. नाकातून काढल्यासारखा, आँग, आँग.

हे थांबले. "चक्रवाक," म्हणाले, आणि पुन्हा चिखल काढायला लागले.

मी वर पाहिलं. थवा आमच्या डोक्यावरून वळला आणि समोरच्या हरभऱ्यात उतरला. मी दुर्बीण लावली. ती हलू नये म्हणून कोपर गाडीच्या टपावर टेकवलं.

"चक्रवाक नाहीत," मी म्हणाले.

"आवाज त्यांचाच आहे. मी आयुष्यभर ऐकलाय."

"चक्रवाक विटकरी असतात. हे राखाडी आहेत."

"रंगावर जाऊ नको. अजून ऊन नाही."

"मी रंगावर जात नाही. बदकापेक्षा मोठे आहेत. मान उंच आहे. पाय शेंदरी. डोकं पांढरं, आणि मागं, डोक्याला, दोन काळे पट्टे. एक वर, एक खाली. वरचा ह्या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत."

"नक्की?"

"नक्की."

"पट्टे तू पुस्तकातले सांगतेस की समोरचे?"

मला हा प्रश्न लागला. पण त्या क्षणी रागवायला वेळ नव्हता. "समोरचे," मी म्हणाले. "तुमचा कान आज चुकला. मला दिसतंय ते मी सांगतेय. मानायचं तर माना."

हे उठले. चिखलाचे हात तसेच बाजूला धरून माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि पुन्हा आवाज आला तेव्हा मान वाकडी करून ऐकलं. मग हळूच म्हणाले, "काय करतायत?"

मी सांगत गेले. बहुतेक जण मान खाली घालून खातात, कडेचा एक मात्र मान ताठ करून उभा आहे. आता त्यानं मान खाली घातली, तर दुसऱ्यानं वर केली. एक लंगडतोय. दोघं भांडतायत, एकानं दुसऱ्याची शेपूट ओढली. मी थांबले की हे म्हणायचे, "अजून." माझा घसा सुकला, तरी मी बोलत राहिले. ह्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. थंडीनंही तो डोळा गळतो, म्हणून मी विचारलं नाही.

मग लांबून ताटाचा ठणठणाट सुरू झाला. मालकीण आली होती. थवा एकदम उठला आणि इतक्या खालून गेला, की पंखांचा वारा लागल्यासारखं वाटलं. हे तो आवाज जाईल तसे वळत गेले, पार पाण्याकडं तोंड होईपर्यंत.

बाईनं आमची गाडी पाहिली, तुराट्या पाहिल्या आणि पदर खोचला. ती आणि हे मागून ढकलायला लागले आणि मी आत बसून चाचांना आठवत क्लच सोडला. तिसऱ्या वेळेला गाडी वर आली. आम्ही निघालो तेव्हा बाईनं माझ्या ओटीत हरभऱ्याचे मूठभर घाटे घातले. चार-दोनच भरलेत अजून, म्हणाली.

घरी येताना हे बोलत होते, जाताना कधी बोलले नसतील इतकं. पण माझं बरोबर होतं असं काही म्हणाले नाहीत. ते त्यांनी चाचांना सांगितलं आणि चाचांनी मला.

ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. यंदा ह्यांच्या जुन्या मित्रांनी पाणपक्ष्यांच्या मोजणीसाठी फोन केला. हे म्हणाले, येतो, पण आम्ही दोघं येणार, आणि आमच्याच गाडीनं. पहिल्या दिवशी मित्र जरा बिचकले. वर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी पांढऱ्या भोवत्याची मादी आहे की पिल्लू, यावरून त्यांचं चाललं होतं, तर हे शांतपणे म्हणाले, हिला विचारा. मला नव्हतं कळलं, तसं मी सांगितलं.

मागच्या रविवारी काठाच्या चिखलात एक पक्षी दिसला. चिमणीपेक्षा जरा मोठा, मळकट, आखूड चोचीचा. ह्यांनी एक नाव घेतलं, मी नाही म्हणाले, पाय हिरवट आहेत. दुसरं घेतलं, तेही बसेना, कारण भुवई पांढरी नव्हती. तिसऱ्यालाही मी मान हलवली. ऊन डोक्यावर आलं, तो पक्षी उडून पलीकडच्या काठाला गेला आणि आम्ही तसेच घरी आलो. या रविवारी पलीकडच्या बाजूनं जाऊन बघायचं ठरलंय. तो रस्ता कच्चा आहे, असं चाचा म्हणतात. गाडीच्या डिकीत मी फावडं आणि दोन रिकामी पोती टाकून ठेवली आहेत.