उतरवण्याआधीची तपासणी

ब्लॉकचेनवर कोडमध्ये लिहिलेले करार तपासणं हे माझं काम. ऑफिस पुण्यात, मी रत्नागिरीत, घरीच. या खेपेला आलेला करार आंब्याचा होता. प्रत्येक पेटीमागे तीन नोंदी: आंबा झाडावरून उतरवला, तपासला, पाठवला. एकदा झालेली नोंद कुणालाही पुसता येत नाही. तिन्ही झाल्या की कोडच पेटीला चांगल्या मालाचा दाखला देतो, माणूस मध्ये नाही.

कोड दोनदा वाचला, चूक दिसली नाही. मग हंगामभराच्या नोंदी प्रोसेस मायनिंगला लावल्या. काम कसं व्हायला हवं ते सोडायचं आणि प्रत्यक्षात कोणत्या वाटेने गेलं त्याचा नकाशा काढायचा. एका बागेच्या पेट्यांवर तपासणीची नोंद आधी होती आणि उतरवल्याची दोन दिवसांनी. कोड नुसत्या नोंदी मोजत होता, क्रम बघतच नव्हता. तपासणीची सही ज्या डिजिटल चावीने झाली होती, ती मी ओळखली. मीच ती बाबांच्या फोनमध्ये बसवून दिली होती.

बाबा त्या बागेचे तपासनीस. उभा जन्म हापूसच्या कलमांखाली गेलेला. दुपारी जेवताना विचारलं.

"आंबा तयार झाला की नाय ते झाडावरच कळतं गो. देठाशी खांदे भरलेले दिसतात. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी सही करतो, मग गडी उतरवतात."

"करारात आधी उतरवणं आहे, बाबा. मी हे लिहिलं तर तुमची चावी जाईल. काम जाईल."

"तुला दिसलं ना? मग लिव."

त्यांनी पुन्हा भात घेतला. मी संध्याकाळपर्यंत अहवाल लिहून पाठवला. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. भांडी घासली.

आठवड्याने बाबांची चावी रद्द झाल्याचं कळलं. त्यांनी अहवाल वाचून दाखवायला सांगितला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"एक तरी आंबा कच्चा निघाला काय?"

परत आलेल्या पेट्यांच्या नोंदी माझ्याकडेच होत्या. "एकपण नाही."

"ते लिवलंस?"

अहवालात त्याला रकाना नव्हता, असं मी म्हटलं. खरं म्हणजे मला ते सुचलंच नव्हतं.

बाबांनी फोन पुढे केला. "काढ ती चावी. मला काढायला जमायचं नाय."

मी काढली. बाबा चपला घालून बागेकडे निघाले, आणि घराच्या फाटकापाशी थोडा वेळ उभे राहून परत आले.