पापण्या उघडत नव्हत्या

"मॅडम, न्यूमोनियाच वाटतोय. अँटिबायोटिक वाढवू?" माझ्या ज्युनिअरने विचारलं.

पेशंट पाटणकडचे, आर्मीतून रिटायर झालेले सुभेदार. फुफ्फुसाचा कॅन्सर. पुण्यात इम्युनोथेरपी चालू होती आणि गाठ निम्मी झाली होती. आता साताऱ्यात आमच्या आयसीयूत ते व्हेंटिलेटरवर होते.

मला त्यांच्या पापण्या खटकल्या. झोपेचं औषध थांबवलं, तरी उघडेनात. त्यांच्या पत्नी शालनताईंना विचारलं, हे कधीपासून?

"लय दिस झालं. आमाला वाटायचं झोप येतीया. घासबी गिळवत न्हवता."

इम्युनोथेरपी शरीराच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढते. मग ती शक्ती गाठीवर तुटून पडते. क्वचित आपल्याच अवयवांवरही. इथे तिने पापण्यांचे, गिळण्याचे, श्वासाचे स्नायू धरले होते, आणि हृदयही. हृदयाला इजा दाखवणारी ट्रोपोनिन टेस्ट खूप वाढलेली होती.

स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू केला. पुण्याच्या कॅन्सरतज्ज्ञांना फोन लावला.

"इम्युनोथेरपी बंद. कायमची," ते म्हणाले.

"पण सर, गाठ कमी होतेय."

"आधी माणूस वाचू दे."

नुसतं स्टिरॉइड पुरेना. मग प्लाझ्मा एक्स्चेंज केलं, म्हणजे रक्तातला पातळ भाग मशीनने काढून बदलायचा. हल्ला करणारी द्रव्यं त्यातच असतात.

एका दुपारी शालनताईंनी विचारलं, "ह्यास्नी कळतंय का काय?"

"सगळं कळतंय. डोळे उघडायची ताकद नाही."

त्या आत आल्या. दोन बोटांनी हलकेच सुभेदारांच्या पापण्या वर केल्या. "मी हाय. बघा माज्याकडं."

बुबुळं सावकाश त्यांच्याकडे वळली. शालनताईंनी बोटं तशीच धरून ठेवली.

बाहेर येऊन म्हणाल्या, "बॉर्डरवर व्हते तवा फोन तरी यायचा. आता हातभर लांब हायीत, पन आवाज न्हाई."

हळूहळू हाताची पकड आली. मग मान उचलली. नळी काढली, तेव्हा घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य आलं, "म्हशीकडं कोण बघतंय?"

"इतक्या दिसांनी म्हस आठवली व्हय," असं म्हणत शालनताईंनी पदर डोळ्यांना लावला.

ते घरी गेले. इम्युनोथेरपी पुन्हा देता आली नाही. पुढच्या वर्षी गाठ वाढली आणि ते गेले. शालनताईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "घरात व्हते. शेवटपतुर बोलत व्हते."

कॅन्सरचा पेशंट आला की मी आता आधी औषधाचं नाव विचारते. नातेवाईक इम्युनोथेरपीसकट सगळ्याच सलाइनला 'केमो' म्हणतात. म्हणून पुण्याला फोन करून खात्री करते.