आबांचा पांढरा मासा

माझ्या वडिलांना, आबांना, लकवा मारला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. उभा जन्म धुळे-इंदूर रस्त्यावर ट्रक चालवलेला माणूस धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरात खाटेवर पडून छताकडे बघत राहायचा. तोंडात दोनच शब्द उरले होते, तेही गावाकडच्या अहिराणीतले. "शे का?" म्हणजे, आहे का? भूक लागली तरी "शे का?", लघवीला लागली तरी "शे का?"

माझी खाऱ्या पाण्याची टाकी त्यांच्या खोलीत हलवायची कल्पना बायकोची. "बघायला काहीतरी हलतं तर असेल," ती म्हणाली. टाकीत दोनच मासे होते, क्लाउनफिशची जोडी. मादी साधी नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे. नर तिच्यापेक्षा लहान आणि वेगळ्याच जातीचा. त्याचे पट्टे एकमेकांत मिसळत जाऊन जवळजवळ सगळं अंग पांढरं झालं होतं, फक्त तोंडाशी आणि पाठीवर नारिंगी रंगाचे ओघळ. डाव्या कल्ल्यावरचं झाकण आखूड होतं, त्यामुळे आतला लाल भाग दिसायचा.

घेतानाच जळगावच्या दुकानदाराने मला सांगितलं होतं, "भाऊ, दोन्ही हॅचरीतलेच आहेत. समुद्रातून धरलेला मासा धक्क्यानेच मरतो. हे काचेतच जन्मलेत, दाणे खातात, माणसाला भीत नाहीत. साधा नारिंगी तर खूपच दणकट. पण या पांढऱ्याचा रंग मिळवायला पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात जोड्या लावतात. कल्ला बघा. याला जपावं लागेल." मला रंगाची भुरळ पडली होती. मी दोघांनाही घेऊन आलो.

आबांनी तिसऱ्याच दिवशी पांढऱ्याला आपला मानलं. सकाळी डोळे उघडले की डावा हात टाकीकडे जायचा. "शे का?" मी म्हणायचो, "शे ना आबा." तो पंपाच्या मागून बाहेर आला की आबांचा चेहरा सैल पडायचा आणि मग ते चहा घ्यायचे. तो दिसेपर्यंत चहा नाही. आठ महिने असे गेले.

मेअखेरीस एका संध्याकाळी वादळ आलं. आमच्या गल्लीतला कडुनिंब तारांवर कोसळला, खांब वाकले, डीपी जळाली. वीज मंडळाच्या माणसाने झाडाकडे बघितलं आणि आजचं काही सांगता येत नाही म्हणाला. इन्व्हर्टर सकाळपर्यंत पुरला. त्यानंतर खोलीत फक्त उकाडा उरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीचं पाणी तेहतीस अंशांवर गेलं. पाणी तापलं की त्यात हवा राहत नाही. सेलवर चालणारा एक छोटा पंप होता, त्याचे बुडबुडे एका कोपऱ्यातच अडकायचे. मी मगने पाणी उचलून वरून ओतत बसलो. बायको बर्फाच्या बाटल्या आणायची. एक टाकीत सोडायची, एक टॉवेलात गुंडाळून आबांच्या मानेखाली ठेवायची. नारिंगी मादी सुस्तावली होती, पण नीट तरंगत होती. पांढरा पृष्ठभागाला तोंड लावून भराभर श्वास घेत होता.

"आबांना माझ्या बहिणीकडे नेऊ या," बायको म्हणाली. तिची बहीण नदीपलीकडे राहते, तिकडे वीज होती. मी आबांना उचलायला गेलो, तर त्यांनी डाव्या हाताने खाटेचा गज असा धरला की बोटं सोडवेनात. नजर टाकीवर. मासे बादलीत घालून नेता आले असते. वाटेतच मरतील अशी भीती वाटली, म्हणून नेले नाहीत. न्यायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टरची बॅटरी मोटरसायकलवर बांधून नदीपलीकडच्या एका गॅरेजवर चार्ज करून आणली. अर्धीच भरली. तिच्यावर एक टेबल फॅन दुपारभर चालला असता. तो आबांकडे लावायचा की पाण्यावरून वारा जाईल असा ठेवायचा, एवढाच प्रश्न होता. पाण्यावर वारा फिरला तर दोन-तीन अंश उतरतात, हे मला माहीत होतं. आबांच्या अंगावर घामोळं उठलेलं होतं, ओठ कोरडे पडले होते, हेही मला दिसत होतं.

मी फॅन आबांकडे लावला. त्यांनी मान हलवली. टाकीकडे हात केला.

"आबा, तुम्हाला त्रास होईल."

पुन्हा हात. मग त्यांनी डोळे मिटून तोंड फिरवलं. पाण्याचा चमचा लावला तर तोंड उघडेनात.

मी फॅन टाकीकडे वळवला. त्यांनी तोंड उघडलं, दोन चमचे पाणी घेतलं. मी तासभर मगने पाणी वरून ओतत राहिलो. पाणी एकतीसवर आलं. आपण जिंकतोय असं मला वाटायला लागलं.

बायको बर्फ घेऊन आत आली. तिने आधी आबांच्या कपाळावर हात ठेवला, मग माझ्याकडे बघितलं. "अंग भाजतंय यांचं. घामसुद्धा नाही. तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करताय?"

"त्यांनीच सांगितलं..."

"त्यांना बोलता येतं का?" ती ओरडली.

मी हाक मारली तर आबांनी डोळे उघडले नाहीत. शेजाऱ्यांच्या रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. सलाइन लावली, काखेत बर्फ ठेवला. डॉक्टरांनी विचारलं, खोलीत फॅन नव्हता का? बायको गप्प राहिली. होता, असं मीही म्हणालो नाही.

संध्याकाळी कपडे घ्यायला घरी आलो तेव्हा वीज आली होती. टाकीचा दिवा लागला होता, पंप चालू होता. मादी दाण्यांसाठी वर आली. पांढरा तळाशी वाळूवर आडवा होता, आखूड कल्ला वरच्या बाजूला.

आबा दोन दिवस दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी मी बायकोला न सांगता एरंडोलमार्गे जळगाव गाठलं. मोबाइलमधला पांढऱ्याचा फोटो दुकानदाराला दाखवला. "अस्सा पाहिजे."

"असा मिळणार नाही, भाऊ. साधे नारिंगी म्हणाल तर शंभर दाखवतो, एकासारखा एक. या जातीत एकाचा रंग दुसऱ्यावर नसतो. एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतलेही सारखे निघत नाहीत."

"जवळचा द्या. बघणाऱ्याची नजर आता तेवढी चांगली नाही," मी म्हणालो. हे खोटं होतं. तोंडून सहज निघालं.

थर्माकोलच्या खोक्यातून आणलेला नवा मासा मी टाकीत सोडला. मादी लगेच त्याच्यावर धावून गेली, शेपटीचा तुकडा तोडला. मधे जाळी लावून त्याला वेगळा केला. तो मात्र तासाभरात दाणे खायला लागला. त्याचे कल्ले धड होते.

आबांना घरी आणून खाटेवर टेकवलं. त्यांचा हात टाकीकडे गेला. "शे का?"

"शे ना आबा. तो बघा, जाळीमागे."

ते बराच वेळ बघत राहिले. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मग एकेक शब्द ओढून काढावा तसे म्हणाले, "हाऊ... तो... नही."

हा तो नाही. लकव्यानंतर आबा पहिल्यांदाच दुसरं काही बोलले होते, आणि ते मी त्यांना फसवलं म्हणून. बायको दारात उभी होती. मी खाटेजवळ खाली बसलो आणि खरं सांगितलं. तुम्ही दवाखान्यात होतात, त्या दिवशी गेला. मी वाचवू शकलो नाही. हा दुसरा आणला. आबा रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस त्यांनी चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने खाट ओढून तिचं तोंड खिडकीकडे केलं. तेव्हा त्यांनी अर्धा कप घेतला. तेव्हापासून खाट तशीच आहे.

नवा नर आता चांगला मोठा झालाय, मादीने त्याला जवळ घेतलंय. मी रोज आबांच्या पाठीमागे उभा राहून टाकीचं झाकण शक्य तितक्या हळू उचलतो. तरी ते वाजतंच. आबांची मान ताठ होते. मी दाणे टाकतो, झाकण लावतो आणि त्यांच्याकडे न बघता खोलीबाहेर येतो.