पास झालेलं रक्त

माझा मोठा भाऊ गोंदियाजवळच्या गोरेगावात धानाचा व्यापारी आहे; आई त्याच्याकडेच राहते. मूठभर धान ओलावा मोजायच्या यंत्रात टाकायचं, आकडा बघायचा आणि माल पास की नापास ते सांगून मोकळं व्हायचं, हा त्याचा धंदा. समोर उभा असलेला शेतकरी काय सांगतो, तिकडे तो ढुंकूनही बघत नाही. आईच्या आजारपणातही त्याने हीच अक्कल चालवली.

आईचं डोकं दुखायचं. कंगवा फिरवला तरी कानशिलं ठणकायची, भात चावताना जबडा भरून यायचा. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे दोन्ही आकडे चढलेले. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आहे म्हणाले, आणि स्टेरॉइड सुरू केलं. भावासमोरच त्यांनी बजावलं, "आकडे खाली येतील, पण मी सांगेपर्यंत गोळी थांबवायची नाही. दुखणं परत सुरू झालं तर रिपोर्टची वाट न बघता या. डोळा जाऊ शकतो." भावाने जोरजोरात मान हलवली. मान हलवण्यात तो पहिल्यापासून हुशार.

काही आठवड्यांनी ईएसआर नॉर्मल आला. भावाने रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली अंगठ्यांचे आणि फुलांचे इमोजी. त्याच दिवशी आईच्या गोळ्या बंद. मी गोंदियाहून फोन केला तर म्हणाला, "बिमारी खतम झाली, तं गोळी कायले? तोंड सुजून राहिलं तिचं. तू डॉक्टर झाली का?"

मी झाले नव्हते. पण मला कान होते.

थोड्याच दिवसांत आईचा जबडा पुन्हा दुखू लागला. मग एकदा म्हणाली, "डोयासमोर पडदा येते नं जाते." भावाने काय करावं? गल्लीतल्या लॅबमध्ये पुन्हा ईएसआर केला. सीआरपी नाही, एक आकडा त्याला पुरे होता. तो जेमतेम नॉर्मल निघाला. झालं, माल पास! "रिपोर्ट चांगला हाय माय, तू उगीच मनाले लावून राहिली," असं त्याने आईला ऐकवलं, आणि आपल्या दुकानात जाऊन बसला.

मला हे आईकडूनच कळलं. मिळेल त्या बसने गेले, भावाशी तंडले आणि आईला घेऊन निघाले. गोंदियात उतरून ऑटोतून दवाखान्याकडे जाताना तिने उजवा डोळा चोळला आणि विचारलं, "इकडची लाइट गेली काय वो?"

भर दुपार होती.

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच. औषध चालू असताना आकडे दबलेले असतात आणि औषध बंद झाल्यावरही कधीकधी आजार आधी येतो, आकडा मागून, हे डॉक्टरांनी भावाला पुन्हा समजावलं. त्याने पुन्हा मान हलवली.

आजही कुणी भेटायला आलं की तो मोबाइल काढून तो जुना रिपोर्ट दाखवतो. "आमची काय चूक जी? नॉर्मल तं होता." लोकही माना डोलवतात. अशांची किळस येते मला, आणि त्याची जास्त.

 तो आला की आई खाटेवर जरा सरकते आणि आपल्या उजव्या हाताला त्याला जागा करून देते. त्याला वाटतं, थोरल्याचा मान.