साडूंच्या वेगळ्या चुली

एकत्र ठेवता येतील अशा दोन वस्तू देवाने घडवल्या आहेत, हे माझ्या साडूंना आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. ते डब्यातला भात आधी संपवतात आणि मग वरण पितात. आमच्या मूल या भाताच्या गावात, चारचौघांच्या पंगतीत हा प्रकार बघवत नाही. "अहो, पोटात गेल्यावर एकच होणार ना?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते पोटाचं पोट पायते. मी काऊन कालवू?" त्यांच्या प्रत्येक किल्लीला स्वतंत्र कडी आहे, त्यामुळे चालताना ते बैलासारखे वाजतात. घरचा फोन वेगळा, कचेरीचा वेगळा. एकदा कचेरीच्या कामासाठी मी चुकून घरच्या नंबरावर फोन केला. ते माझ्या समोरच्याच टेबलावर होते. "हा घरचा आहे, त्या दुसऱ्यावर करा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्याकडे बघत बसले. मी केला. न करून सांगतो कुणाला? ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याशी कचेरीत वाजलं की जेवताना माझ्या ताटात आमटी जरा लांबूनच पडते.

आम्ही दोघं एकाच संस्थेत. मी कामांचा समन्वय बघतो, ते माहिती सांभाळतात. संस्थेचे चार प्रकल्प: तलावातली मासेमारी, वनहक्काचे दावे, परसबागा आणि मोहर्लीकडच्या पोरांना सफारीचे गाइड करण्याचं प्रशिक्षण. चार प्रकल्प म्हणून साडूंचे चार डेटाबेस. चारांना चार पासवर्ड, आणि ते फक्त साडूंच्या डोक्यात. परिणाम असा, की एकाच बाईच्या दारात आमची माणसं चारदा जात आणि तेच प्रश्न विचारत. नागभीडकडच्या एका म्हातारीनं तर शेवटी आमच्या कार्यकर्तीला दारातच अडवलं, "माये, काल तुझी बहीण येऊन गेली, तिले सारं सांगतलं. तुमचं घरात बोलणं नाई का?"

मी म्हणायचो, सगळ्यांचा मिळून एकच डेटाबेस करू. माणूस एकदा नोंदवायचा, मग तो कोणत्याही प्रकल्पात असो. साडू म्हणायचे, नाही. यावर आमच्या किती बैठका झाल्या ते विचारू नका. प्रत्येक बैठकीत चहा यायचा, मी फळ्यावर चौकोन काढायचो, आणि साडू चष्मा पुसत म्हणायचे, "साडूभाऊ, मासोळीवाल्याचं वनहक्कवाल्याले काऊन दाखवायचं?"

"पण माणूस तोच आहे ना?"

"माणूस तोच असन. काम अलग आहे."

"उद्या तुम्ही बायकोची पण दोन नावं ठेवाल!"

"ठेवली आहेत," ते शांतपणे म्हणाले. "फोनात पाहून घ्या."

मी खरंच पाहिलं. दोन्ही फोनांत मेहुणीबाई दोन वेगळ्या नावांनी होत्या.

मग उन्हाळा सरत आला आणि मासेमारी प्रकल्पातून जाळी वाटायची वेळ आली. एकाला दोनदा मिळू नये म्हणून चारही याद्या ताडून बघायच्या होत्या. साडूंच्या पद्धतीनं ते काम पोळ्यापर्यंत चाललं असतं. ते एका लग्नाला नागभीडला निघाले, तेव्हा जाळ्यांसाठी म्हणून मी पासवर्ड मागून घेतले, आणि ते गेल्याबरोबर चारही डेटाबेस एक करून टाकले. चारांत समान काय होतं? घर नंबर. त्यावर जोडले. एक घर, एक ओळ. काय सुंदर दिसत होतं ते! त्याच यादीनं जाळी वाटली गेली.

साडू परतले. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे घर एक आहे. पण चुली दोन आहेत."

मी म्हटलं, "छप्पर एक आहे ना? झालं तर मग."

झालं नव्हतं. तलावावर घर मोजत नाहीत, चूल मोजतात. दोन भाऊ एका छपराखाली राहून वेगळं शिजवत असतील तर तलावात त्यांचे हिस्से दोन. ज्या चुलीचं जाळं पाण्यात, त्या चुलीचा मासोळीचा ढीग तलावाच्या काठी, पाळीवर. साडूंनी बोट ठेवलं त्या घरात मोठा भाऊ होता, आणि धाकट्याची विधवा ताराबाई. तिनं नवऱ्यामागे हट्टानं आपली चूल वेगळी मांडली होती, तिचं जुनं जाळं कुजलं होतं, आणि नवीन मोठ्या दिराच्या नावावर गेलं. साडूंनी मला हे दहा वेळा सांगितलेलं होतं. मी फळ्यावर चौकोन काढत होतो.

आणखी एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. ताराबाईच्या गावात सगळ्यांना वाटलं, तिचं नाव साडूंनीच कापलं. यादीवाले भाऊ म्हणजे तेच. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत बाया त्यांच्यावर तुटून पडल्या, "रांडमुंड बाई दिसली म्हणून खोडलं का जी?" मी शेजारीच बसलो होतो. साडूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "चूक झाली," एवढंच म्हणाले. मीही गप्प बसलो. परतताना जीपमध्ये ते एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाटाणे खाल्ले, फुटाणे खाल्ले, वेगवेगळे.

तिच्यासाठी नवीन जाळं मिळवेपर्यंत पावसाळा उलटला. आम्ही दोघंच ते घेऊन गेलो. एकच डेटाबेस ठेवायचा, पण त्यात घर नाही, चूल मोजायची, असं तोवर आमचं ठरलं होतं. हे मी सुचवलं आणि साडू म्हणाले, "मी पयलेपासून हेच म्हणून राह्यलो." अर्धं तरी धडधडीत खोटं! पण त्या दिवशी मी वाद घातला नाही.

ताराबाई अंगणात धान पाखडत होती. जाळं हातात घेऊन तिनं गाठी तपासल्या. "चांगलं आहे," म्हणाली. साडूंनी नव्या यादीसाठी विचारलं, "चूल अलगच आहे ना, बाई?"

"होती," ती म्हणाली. "जाळं नाई, मासोळी नाई, कायच्या भरवशावर पेटवू? आखाडातच मोडली, भाऊ. आता जाऊबाईच्यात जेवतो. तुमच्या कागदात एक केलं, घरातही एकच झालं."

रागानं नाही, हवापाणी सांगावं तसं म्हणाली. आत थोरल्या जावेनं चहा ठेवला. कोपऱ्यात सारवलेल्या जमिनीवर चुलीची गोल खूण उरली होती आणि त्यावर कुणीतरी कांदे ठेवले होते. साडू, जन्मभर वेगळं-वेगळं करणारा माणूस, त्या खुणेकडे बघत घोटभर चहा पिऊन म्हणाले, "बाई, परत मांडा. नाव मी लिवतो."

"पाहू," ती म्हणाली. "जाऊबाईले वाईट वाटन आता."

एकच डेटाबेस उत्तम चालला आहे. नागभीडकडच्या म्हातारीच्या दारात आता आमची माणसं एकदाच जातात. साडूंची बदली गडचिरोलीच्या कचेरीत झाली. रविवारी मात्र त्यांचा फोन येतो. मेहुणीबाईंची तब्येत, धानाचा भाव, माझा रक्तदाब. मग विचारतात, "तिनं मांडली का जी?"

मी म्हणतो, "नाही अजून."

"बरं," म्हणतात ते, आणि लगेच फोन कुणीच ठेवत नाही.