नंबरप्लेटमागचा हूक

एकतीस वर्षं बेलार्मिनो माएस्तासचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू झाला. सव्वाचारला फाट्यावर बस यायची आणि न्यू मेक्सिकोच्या त्या खोऱ्यातली माणसं डोंगरावरच्या सरकारी कारखान्यात नेऊन सोडायची. तो पाइप वेल्ड करायचा. त्याचा सांधा दोनदाच पुन्हा करावा लागला. दोन्ही तारखा त्याला पाठ होत्या. ओव्हरटाइम मिळाला की तो कधी नाही म्हणाला नाही. ते पैसे वेगळे राहत. कशासाठी, ते बायकोला, एउफेमियाला, माहीत होतं.

त्याचा बाप दर वसंतात वायोमिंगला मेंढरं राखायला जायचा. तिथे मालकाने दिलेली गाडी होती: चार चाकांवरची लाकडी खोली, वर कॅनव्हासचं गोल छप्पर, आत चूल आणि आडवा पलंग. बेलार्मिनो पाच-सहा वर्षांचा असताना दोन उन्हाळे आई आणि तोही तिथे राहिले. पुढे आई आजारी पडली. बाप एकटा जाऊ लागला, आणि दर हिवाळ्यात त्याचा एक्कावन्न सालचा पिकअप ट्रक, गाडी तिथेच ठेवून, रिकामा परत यायचा. उन्हाळ्यात तिघं एका छपराखाली राहिले ते तेवढेच.

बेलार्मिनो निवृत्त झाला त्या ऑगस्टमध्ये मालकाच्या नातीचं पत्र आलं. जागा विकतोय, तुमच्या वडिलांची ती गाडी अजून आहे, हवी तर सप्टेंबरअखेर न्या. नाहीतर मोडीत जाईल.

"माझा ट्रक ने," देल्फिनो म्हणाला. तो बेलार्मिनोच्या मुलीचा धर्मपिता, शेजारी आणि जन्माचा टोमणेबाज. "नवा आहे, मागे ओढायचा हूक कंपनीचाच आहे."

"ती बाबांच्या ट्रकमागूनच येणार."

"म्हातारा बघायला येणार आहे का?"

"मी आहे ना बघायला."

अडचण बापाच्या त्या ट्रकचीच होती. खोऱ्यातल्या रिवाजाप्रमाणे बेलार्मिनोने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगांतले, कमानींतले, पोलादी पाटे कमी करून तो जमिनीलगत बसवला होता. रविवारी चर्चसमोर असे बुटके ट्रक मिरवायला ओळीने लागत, आणि जाणते लोक खाली आरसा सरकवून त्यांचं पोट बघत. तिथे लोंबता हूक?

"नवरीच्या नाकात कुलूप," देल्फिनो म्हणाला.

म्हणून बेलार्मिनोने हूक लपवला. चासीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बोल्ट, मध्ये चौकोनी पाइप, त्याचं तोंड नंबरप्लेटच्या मागे. प्लेटला बिजागरी, ती खाली पाडली की हूक मोकळा. हौद्याखाली, ॲक्सलच्या मागे स्टेपनीचा पाळणा. स्टेपनी बसली एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने मागच्या टायरची हवा सोडली आणि बसलेल्या ट्रकखालून स्टेपनी काढून बघितली. पाइपला अडली. पाळणा कापला, दीड इंच पुढे घेतला, पुन्हा काढून बघितली. निघाली. चौदा दिवस गेले.

मग देल्फिनोची ट्रॉली लाकडं भरून जोडली. ट्रक वीस पावलं गेला आणि मागून खर्र आवाज आला. स्टेपनी रस्त्याला घासत होती.

"एवढं मोजलंस, आणि वजन मोजायचं राहिलं?" देल्फिनो म्हणाला.

बेलार्मिनो उकिडवा बसून घासलेलं रबर बघत राहिला. त्याने सगळी मापं रिकाम्या ट्रकची घेतली होती, रविवारच्या ट्रकची. सप्टेंबरचे नऊ दिवस उरले होते.

"पाटे परत घालतो."

"अरे, मग मागून पाच इंच उठेल! बकरीसारखा दिसेल. ओळीत कोण उभं करेल तुला?"

"कडेला उभा राहीन."

गंजलेले पाटे त्याने घासून, ग्रीस लावून बसवले. ट्रक बापाच्या वेळी होता तेवढा उंच झाला. वजन ओढूनही स्टेपनी रस्त्यापासून वीतभर वर राहिली.

दोन दिवस ट्रक चालवून तो आणि एउफेमिया वायोमिंगला पोचले. छप्पर फाटलं होतं, चूल कोणीतरी नेली होती, पण चाकं फिरत होती. नातीच्या हातात ते वेगळे ठेवलेले पैसे देऊन त्याने प्लेट खाली केली आणि गाडीचा दांडा हुकावर उतरवला. पहिल्याच झटक्यात बसला. मग तो आत चढला आणि पलंगाच्या फळीवर बराच वेळ बसला.

"म्हाताऱ्या, आता यात राहणार कोण?" एउफेमियाने दारातून विचारलं.

"कोणी नाही."

ती आत येऊन शेजारी बसली.

एकतीस वर्षांच्या ओव्हरटाइमने शेवटी घेतली ती ही एवढी वस्तू: तिघांची खोली, तिघांतला एकच उरल्यावर.