बुजवलेला गोबरगॅस

आमच्या अंगणात वडिलांनी बांधलेला गोबरगॅस मी स्वतःच्या हाताने बुजवला. दोन म्हशींच्या शेणावर आईचा सगळा स्वयंपाक व्हायचा. पण वडील गेल्यावर रोज शेण कालवायचं कोणी? सिलेंडर दारात यायला लागला, तशा मी म्हशी विकल्या, लोखंडी टाकी भंगारात दिली, खड्डा मुरमाने भरून वर फरशी केली आणि तिथे गाडी लावायला लागलो. आईने एवढंच विचारलं, "आन् शिलिंडर आला न्हाई तर?" मी हसलो होतो.

मी जामखेडकडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. देशाने हवेत कार्बन कमी सोडायचा आणि इंधनासाठी परक्याच्या तोंडाकडेही बघायचं नाही, हे दोन्ही एकदम कसं जमवायचं, यावर मी मुलांना तासभर सांगू शकतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

यंदा समुद्रापलीकडे कुठेतरी बिनसलं आणि सिलेंडर येईना. एजन्सीवाला रोज 'उद्या' म्हणायचा. विजेची शेगडी आणली, तर सकाळी व्होल्टेज इतकं कमी की पाणी कोमटसुद्धा होईना. आईला दमा. धुरापासून लांब ठेवा, असं नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी तिने तुराट्या गोळा करून चूल पेटवली. मी चिडलो तर म्हणाली, "मंग उपाशी जातूस का शाळंत?" मी चुलीपुढे बसलो की माझी भाकरी तुटायची, आणि तीच मला उठवायची.

एक दिवस संतापून मी पहार घेतली आणि फरशी उचकटायला लागलो. ती दारात खोकत उभी होती.

"टाकी न्हाई, म्हशी न्हाईत. कशापायी खांदतूस?"

मी पहार खाली ठेवली. मला स्वतःची लाज वाटली.

सिलेंडर शेवटी आला. तोवर तिच्या छातीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमच्या चर्चमध्ये गीत नेहमी आईच उचलायची. पेटीवाला तिच्याकडे बघून सूर धरायचा. परवाच्या रविवारी ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"तू म्हन. मी आयकते."

सगळे माझ्याकडे बघत थांबले. मला सुरुवातच येईना. जन्मभर मी तिच्या मागून गात आलो होतो.